घरगाडीतून दोंडाईचा

१४ जून १९७०, रविवार
घरगाडी आली. धरणाचं काम आटोपून गेलेल्या परदेशी इंजिनिअरची, लिलावात घेतली. दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं, अगदी चिकटून. आत दोन पलंग, मागच्या टोकाला स्वयंपाकघर, तोंड धुवायला बेसिनसुद्धा! जळगावात अशी दुसरी नाही. मुनीम भाईदासने विचारलं, शेठ, इंजिन कुठे? कीव आली. आपली जीप ओढणार, म्हटलं.

आजच दोंडाईच्याहून मावसभाऊ रतिलाल आला. चंदनमावशीला अर्धांगाचा दुसरा झटका. बाईला संध्याकाळच्या रेल्वेने न्यायला आला होता. (आम्ही आईला बाईच म्हणतो.) तिने गाठोडंही बांधलं होतं. मी सोडायला लावलं. बाई बाहेरचं खात नाही, उकळलेलंच पाणी पिते, सूर्यास्तानंतर तोंडात काही घालत नाही. मुलगा डाळमिलचा मालक आणि आईने पॅसेंजरमध्ये उपाशी बसायचं? आता तिचं स्वयंपाकघरच तिच्यामागून येईल. रतिलालला एकट्यालाच परत पाठवलं.

पुढच्या रविवारी निघायचं. नक्की. आम्हा जैनांची चौमासी चौदस १७ जुलैला आहे. त्या दिवशी बाई नियम घेते, चार महिने असेल त्या गावाची वेस ओलांडायची नाही. म्हणजे महिना आहे हातात. भरपूर.

१८ जून
मिलच्या आवारात प्रॅक्टिस. पुढे जाणं उत्तम. रिव्हर्समध्ये मूळचा दोष आढळला. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की घरगाडीचं ढुंगण उजवीकडे जातं. परदेशात वाहनं उलट्या बाजूने चालतात, त्यामुळे असणार. तुरीच्या पोत्यांची थप्पी पडली. बायको सज्जन म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. बायकांना मशिनरीतलं काय कळतं!

२१ जून
निघणं स्थगित. पंचांगात दिशा चांगली नव्हती.

२८ जून
रिव्हर्सचा नाद सोडला. ज्याचं प्लॅनिंग पक्कं, त्याला मागे यायचं कारणच काय? हमाल लावून हाताने वळवून पाहिली. चारही चाकं जमीन धरून बसतात. हमालांना चहा पाजला, त्यांनीही खाली बसून घेतलं.

रतिलालचा ट्रंककॉल. मावशीची जीभ जड झालीय, पण रोज विचारते, पान आयी कांई? पान म्हणजे पानबाई, आमची बाई. म्हटलं, सांग तिला, पडदे शिवून झाले की निघतोच. बाई म्हणाली, निर्मल, पडदे राहू देत, आपण रेल्वेने जाऊ. तिला म्हटलं, तू फक्त राणीसारखं बसायचं. तिने पडद्याचं कापड पुढ्यात ओढलं. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

१२ जुलै, रविवार
निघालो! बाई आणि सज्जन जीपमध्ये माझ्या शेजारी. पाण्याची पिंपं, पिठाचे डबे, पाटा-वरवंटा, सगळं मागच्या स्वयंपाकघरात. पाळधीच्या अलीकडे जरा वेग दिला, तर घरगाडी शेपूट हलवायला लागली. ब्रेक दाबला, तर जास्तच. घरगाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली, जीप रस्त्याला आडवी. बाई डोळे मिटून नवकार म्हणत होती. कुणाला ओरखडाही नाही. हे माझ्या ड्रायव्हिंगमुळे.

वना नावाचा शेतकरी बैलजोडी घेऊन धावला. बाईला म्हणाला, आक्का, दोंडाईचानी गाडीले आजून येळ शे, मी तुमले ठेसनवर सोडी देस. बाईने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. आईला बैलगाडीत बसवून पाठवणारा मी नव्हे. घरगाडी चारीतून वर निघाली, पण जीपला जोडायचा दांडा वाकला होता. घरी परत.

१६ जुलै, सकाळी
दांडा दुरुस्त. आज पिंपं जीपमध्ये घेतली, मागचं वजन काढलं. कल्पना माझी. सज्जनही चार दिवस तेच बोलत होती, हा योगायोग.

१६ जुलै, संध्याकाळी
धुळ्याला चारलाच पोचलो. घरगाडी वासरासारखी मागून आली. सरळ गेलो असतो तर उजेडीच दोंडाईचा. पण धुळ्यात येऊन लखीचंदमामांना घरगाडी दाखवायची नाही? हे सज्जनचे मामा. लग्नापासून मला एकच वाक्य ऐकवतात, जावईबापू, जपून. सज्जन नको म्हणाली. बाई म्हणाली, परतताना दाखव. पाचच मिनिटं, म्हटलं, आणि मामांच्या बोळात घातली.

बोळ पुढे बंद आहे. मला माहीत होतं. आयत्या वेळी आठवलं नाही. जीपचं नाक भिंतीला, मागे घरगाडी, तीही मामांच्या ओट्याला घट्ट बसलेली. पुढे नाही, मागे नाही. मामा बाहेर आले. आज जपूनही म्हणाले नाहीत. तेच जास्त लागलं.

१७ जुलै, सकाळी
चौदस. मामा म्हणाले, नऊची एस.टी. आहे, पानबाईंना बसवून देऊ. म्हटलं, बारापर्यंत घरगाडी बाहेर.

दुपारी
वीतभर मागे, हातभर आडवी. मामी म्हणाली, दोनची बस आहे. म्हटलं, होतंच आहे. बाई गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली. ती म्हणाली, तुझं चालू दे.

चार वाजता
शेवटची बस गेली. हॉर्न बोळापर्यंत ऐकू आला.

सूर्यास्त
बाई आत गेली. नियम घेतला.

१८ जुलै
मामांचा ओटा फोडला. घरगाडी लगेच निघाली. जीप दोंडाईच्याच्या दिशेने तोंड करून उभी, आणि बाई मामांच्या दारात. म्हटलं, महाराजसाहेबांना विचारू, आजारपणाला सूट असेल. म्हणाली, तुझे बापूजी गेले तेव्हापासून पाळतेय, विचारायचं काय त्यात. मी चिडलो. मग काल एस.टी.ने का नाही गेलीस? म्हणाली, तू एवढ्या हौसेनं आणलीस. सगळा बोळ बघत होता. त्यांच्यासमोर तुला कसं खाली बघायला लावू?

बाईला मामांकडे ठेवून परत निघालो.

४ ऑगस्ट
चंदनमावशी गेली. रतिलाल बाईला सांगायला धुळ्याला आला, मीही तिथेच होतो. त्याला विचारलं, शेवटपर्यंत विचारत होती का? म्हणाला, नाही भाऊ, आठवडाभर विचारायचंच सोडलं होतं.

बाईने ऐकलं. मग मला म्हणाली, ऊन फार आहे, पाणी पी.

१४ नोव्हेंबर
काल कार्तिकी पुनव झाली. बाईचा नियम सुटला. नुसती जीप घेऊन गेलो. म्हटलं, चल, दोंडाईच्याला जाऊन येऊ, संध्याकाळच्या आत परत. म्हणाली, आता तिथे कोण आहे माझं वाट बघणारं? घरी ने.

पारोळ्याच्या पुढे म्हणाली, तू गाडी चांगली चालवतोस रे.

जीप कडेला घ्यावी लागली. पुढचं काही दिसेना. किती वेळ रडलो, माहीत नाही. बाई शेजारी बसून होती. घाई कर, असं ती आजही म्हणाली नाही.