काळे वाटाणे आणि पंधरावा मजला

१३ जानेवारी, सोमवार

काळे वाटाणे आजही शिजले नाहीत! रात्रभर भिजत घातले, कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या, चिमूटभर सोडाही पडला — तरी दाताखाली छर्रेच. सुचित्रा कुकरमध्ये बघत म्हणाली, "माझा हातच गेला वाटतं."

हात कुठला जातोय? पाणी गेलं. अठरा वर्षं ही बायको चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून डिलाईल रोडच्या ऑफिसांना चाळीस डबे पुरवत होती. सोमवारी काळ्या वाटाण्याचं सांबार. त्या सांबाराच्या आशेवर लोक सोमवारी कामावर जात. मग चाळ पाडून टॉवर झाला. आम्ही पंधराव्या मजल्यावर चढलो, ग्रॅनाइटचा ओटा मिळाला आणि नळाला मिळालं बोअरचं जड पाणी. पालिकेचं कनेक्शन 'प्रोसेसमध्ये' आहे. दोन वर्षं झाली.

आज सहा डबे बंद झाले. राहिले तेवीस.

१९ जानेवारी, रविवार

सोसायटीत हळदीकुंकू. तेराव्या मजल्यावरच्या मेघनाबाईंनी वाण म्हणून नळ घासायची पावडर वाटली. पूर्वी आरसा-कंगवा द्यायचे. आता कंगवा देणं म्हणजे टोमणा — केसांची दशा सगळ्यांचीच झालीय.

आमच्याकडचं म्हणाल तर साबण फेस देत नाही, टॉवेल पापडासारखा मोडतो, चहावर तवंग येतो. गीझरची कॉइल दुसऱ्यांदा गेली. दुरुस्तीवाल्याने आतला पांढरा थर काढून हातावर ठेवला — जपून ठेवा म्हणाला, मार्बलचा भाव वाढतोय. स्टीलचे नळ शंभर वर्षं समुद्रात बुडाल्यासारखे दिसतात. आणि टॉवरचं नाव? नीलसरोवर!

पण बाहेर बोलायचं नाही. सेक्रेटरी शामरावांनी ग्रुपवर टाकलंय — पाण्याचा विषय गेटच्या आत ठेवावा, फ्लॅटला भाव येणार नाही. लगेच चौतीस अंगठे. एक माझाही.

२२ जानेवारी

तोड निघाली. रस्त्याच्या पलीकडची जुनी चाळ अजून उभी आहे. तिथे पहाटे पाच ते साडेसहा पालिकेचं गोड पाणी. पहिल्या माळ्यावर नलूताई राहते — आमच्या वाडीची, मला पोरवयापासून ओळखते. सुचित्रा दोन कॅन घेऊन गेली. कशाला म्हणून विचारलंच, तर सांगायचं होतं की आमची टाकी धुतायत.

नलूताईने विचारलं नाही. नळ सोडून दिला.

पिण्याला आम्ही जार घेतो. पण जारच्या पाण्यात वाटाणे शिजवायचे, तर डबा हॉटेलच्या दराने द्यावा लागेल.

२७ जानेवारी, सोमवार

शिजले! बोटाने दाबला की लोणी. सुचित्रा गुणगुणत होती.

३० जानेवारी

कॅन जड, म्हणून आज मी सोबत गेलो. पहाटे साडेपाचला लिफ्टमध्ये चार बायका, चौघींच्या हातात हिंदमाताच्या दुकानांच्या साडीच्या पिशव्या. पिशव्यांत काय ते चौघींना ठाऊक. इतक्या पहाटे कुठलं साडीचं दुकान उघडतं, हे विचारायची टॉवरमध्ये पद्धत नाही. एकीच्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं. आम्ही सगळे मजल्यांचे आकडे बघत उभे राहिलो.

नलूताई विचारत नाही, तरी तिच्याकडे आमची टाकी आठव्यांदा धुतली गेली.

५ फेब्रुवारी

बिल्डरचा माणूस हितेंद्र घरी आला. पलीकडची चाळही त्यांनाच पाडायची आहे. रविवारी चाळीत सभा आहे, लोक बुजलेत, तर त्यांच्यातलाच कोणी येऊन टॉवरबद्दल चार शब्द बोलला तर बरं. "सर, तुमची भाषा चांगली आहे."

झालं. माझी भाषा चांगली आहे म्हणणाऱ्याला मी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही.

तो गेल्यावर सुचित्राने विचारलं, पाण्याचं काय सांगणार? मी म्हटलं, पाण्याचा विषयच काढणार नाही. लिफ्ट, ओटा, घरातला संडास — एवढ्यावर अर्धा तास सहज जातो.

ती म्हणाली, "आणि त्यांनी काढला तर?"

९ फेब्रुवारी, रविवार

बोललो. रंगलं! संडासासमोर सकाळची रांग कशी लागायची, ते सांगितल्यावर म्हातारेसुद्धा हसले. टाळ्या पडल्या. मग मागून नलूताई उठली. साठ बिऱ्हाडं, शामराव, हितेंद्र, आमच्या टॉवरातले पंधराएक जण — सगळ्यांसमोर.

"गंगाधरा, तुमच्या नळाचा पाणी कसा असा रे? खरा सांग."

शामराव माझ्याकडे बघत होते. हितेंद्र बघत होता. साडीच्या पिशव्यावाल्या चौघी छताकडे बघत होत्या. सुचित्रा दाराशी उभी होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

चाळीतून वर गेलेला माणूस चाळीत परत येऊन, आमच्याकडे पाणी वाईट आहे, असं कसं सांगेल? मी म्हटलं, उत्तम आहे. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण भाषा चांगली ना — म्हणालो, नारळाच्या पाण्यासारखं.

नलूताई म्हणाली, "बरा झाला, सांगलंस ता." आणि बसली.

१० फेब्रुवारी, सोमवार

सुचित्रा पहाटे गेली आणि दहा मिनिटांत परत आली. दोन्ही कॅन रिकामे.

नलूताई दारातच उभी होती म्हणे. रागावली नाही. एवढंच बोलली — "तुझ्या घोवान चारचौघांत सांगल्यान, पाणी चांगला असा. मग तू हयसर कित्याक येतंस?"

सुचित्राने मला हे जसंच्या तसं सांगितलं. वर स्वतःचं काही जोडलं नाही. जोडलं असतं तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी

डबे बंद. प्रत्येकाला तिने स्वतः फोन केला. कारण विचारलं की सांगत होती — घरात पाणी वाईट आहे. तेवीस वेळा. दार उघडं ठेवून.

१२ फेब्रुवारी

शामरावांचा फोन — वहिनींना जरा समजवा. मी बाथरूममध्ये आहे असं सांग, म्हणून सुचित्राला खुणावलं. तिने सांगितलं, "घरीच आहेत, समोर बसलेत."

१४ फेब्रुवारी

दुपारी सुचित्रा शेगडी आणि मोठी दोन पातेली घेऊन पलीकडे गेली. नलूताईशी काय बोलली ते मला सांगितलं नाही. सोमवारपासून डबे तिथून निघणार, निम्म्यात नलूताई. मी पातेलं धरायला पुढे झालो, तर म्हणाली, राहू दे.

संध्याकाळी हितेंद्रने चाळीचा कागद आणून दाखवला. संमती नाही. साठ बिऱ्हाडांच्या सह्या, वर एकच अट — समोरच्या टॉवरात आधी पालिकेचं पाणी आणा, मग बोलू. खाली साक्षीदार म्हणून सही सुचित्राची. पत्ता: नीलसरोवर, पंधरावा मजला. शेरा: माझ्या नवऱ्याने सभेत सांगितलं ते खोटं आहे.