खरवसाचा डबा

उमरी, १० ऑक्टोबर १९९६

चि. दीपमाला हिस आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाली. कपिली गाय व्याली, कालवड झाली. चिकाचा पहिला वाटा तुझा, म्हणून पहाटेच खरवस उकडला, वड्या पाडून डब्यात एकावर एक बसवल्या आणि लातूर गाडीच्या मलप्पा कंडक्टरच्या हवाली केला. गवत कापताना विळा लागून बोट पिकलंय, बांधलेली चिंधी सतत ओली होते, म्हणून वड्या वाकड्यातिकड्या झाल्यात. हसू नकोस. तुझ्या खोलीतल्या शबानालाही दे. तिच्या आईला माहूरच्या बांगड्यांच्या दुकानातून सवड कुठली?

तू गेल्यापासून घरात भाकरी उरते. हाताला सवय, तुझ्या वाटणीचं पीठ घेतलं जातं आणि कुत्र्याचं फावतं. तुझे बाबा रोज म्हणतात की भूकंपाच्या मुलखात पोरगी ठेवून झोप कशी लागते. मी म्हणते, पोरगी डॉक्टर होणार हाय, तुम्ही आपलं घोरा. पण लातूरची गाडी सुटली की मलाही करमत नाही.

जपून राहा, आणि आईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई,
साखराबाई

लातूर, १५ ऑक्टोबर

ती. सौ. आईस दीपमालाचा सा. न. वि. वि.

मी आजारी पडल्याचं मलप्पाकाकांनी घरी सांगितलं, आणि बाबा रविवारी मला कायमचं न्यायला येताहेत हा निरोपही त्यांनीच आज आणला. लातूरचं पाणी बाधलं, खानावळीचं अन्न वाईट, असंच बाबा म्हणत असतील. आई, तसं नाही. हे पत्र फाडून पुन्हा लिहून राहिले.

डबा दुपारी मिळाला, पण क्लासला पळायचं होतं, म्हणून संध्याकाळी उघडला. वास छान, चव तुझ्या हातची. स्टोव्हवर वाफवून आम्ही दोघींनी चाटूनपुसून खाल्ला. थोड्याच वेळात दोघींनाही उलट्या सुरू झाल्या. शबानाला तर सलाइन लावावं लागलं. आता ठणठणीत आहोत, काळजी करू नकोस.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं की खरवस कोणी केला, तिच्या हाताला जखम होती का. मी तुझ्या बोटाचं सांगितलं. मग त्यांनी समजावलं की पिकलेल्या जखमेतले जंतू दुधाच्या पदार्थात जातात, आणि डबा तासन्‌तास उकाड्यात राहिला की तिथेच वाढून विष सोडतात. वास बदलत नाही, चव बदलत नाही. पुन्हा तापवलं तर जंतू मरतात, पण त्यांचं विष तसंच राहतं.

हे बाबांना कळलं तर मी इथे राहीन, पण ते तुलाच बोल लावतील. नाही कळलं तर माझं वर्ष जाईल. मला दोन्ही नको गं. मला तू हवी आहेस.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव.

तुझी,
दीपमाला

उमरी, २४ ऑक्टोबर

चि. दीपमाला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारीच आलं, आधी मीच वाचलं. चुलीपुढे बसून रडले. ज्या हाताने तुला न्हाऊमाखू घातलं त्याच हाताने विष पाठवलं, हेच मनात येत होतं. मग ते तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. शेवटी म्हणाले की पोरगी तिथंच शिकू दे, आणि मला दवाखान्यात घेऊन गेले. पू काढला, गोळ्या दिल्या. बोट बरं होऊन राहिलंय. शबानाला सांग, मावशी चुकली.

आता डबा पाठवायचा नाही असं ठरवलंय. तुझी खानावळच बरी. पण काल लातूर गाडीच्या वेळेला पाय आपसूक स्टँडकडे वळले. मलप्पाने सवयीने हात पुढे केला, डबा कुठाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, न्हाई, सहज आले होते. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

आहे तेवढा जीव लावत राहा.

तुझी आई

लातूर, ३ नोव्हेंबर

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

बोट नीट भरून आलं असेल, तरच पुढचं वाच.

दिवाळीत क्लासला सुट्टी नाही, मला येता येणार नाही. तूच डबा पाठव. हात साबणाने धू, आणि दुधातुपातलं काही नको. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दे, बसमध्ये कितीही वेळ राहिली तरी चालते.

काल खानावळीत शबानाने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली की तुझ्या आईला लिही, या खेपेला पहिला घास मी घेणार. मी तिच्याशी चक्क भांडले. तिला सांगितलं की आई माझी आहे, पहिला घास माझाच.

वाट बघतेय.

तुझीच,
दीपमाला