अण्णांचा डोळा आणि ब्रॅडमन

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून अण्णा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे. गुरुवारी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. डाव्यानं जेमतेम दिसतं. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस, पण आता कप धरायला गेले की हात बशीच्या पलीकडे जातो. डॉक्टरांची अट एकच. ब्लडप्रेशर ताब्यात हवं, नाहीतर ऑपरेशन नाही.
बायकोनं स्वयंपाकघरात बोलावून बजावलं, "क्रिकेटचा विषय काढायचा नाही." मी का काढीन? मी मुळात शांत माणूस.
संकल्प: घरात संपूर्ण शांतता.

३ फेब्रुवारी
विषय मी काढला नाही. टीव्हीवर चर्चा लागली होती, आजवरचा सर्वांत थोर क्रिकेटपटू कोण. अण्णा ऐकत होते. म्हणाले, "त्यात ठरवायचं काय? सोबर्स."
मी गप्प बसलो. चांगला मिनिटभर. पण मी छापखान्यात प्रूफरीडर. चुकीचं वाक्य डोळ्यांसमोरून तसंच जाऊ देणं माझ्या पेशात बसत नाही. एवढंच म्हणालो की कसोटीत ब्रॅडमनची सरासरी ९९.९४ आहे. याला वाद म्हणत नाहीत, माहिती म्हणतात.
अण्णा म्हणाले, "ब्रॅडमन म्हणजे नुसता कोट. झकास कोट, मान्य. पण सोबर्स म्हणजे एकाच कापडात कोट, पँट आणि वर टोपी. बॅटिंग करतो, फास्ट टाकतो, स्पिन टाकतो, कॅच घेतो."
क्रिकेटचा कापडाशी काय संबंध, असं विचारलं. आवाज चढला असेल थोडा. पंख्याची घरघर आहे, मोठ्यानं बोलावंच लागतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
ऑपरेशन झालं नाही. प्रेशर वाढलेलं.
वेटिंग रूममध्ये आम्ही शांतपणे बोलत होतो. शेजारी एक गृहस्थ, त्यांचंही आजच ऑपरेशन. मधेच म्हणाले, "सचिन सोडून दुसरं नावच कसं घेता?" मग अण्णांना आणि मला मिळून त्यांना समजावावं लागलं. सिस्टरनं आधी अण्णांचं प्रेशर घेतलं, मग त्या गृहस्थांचं. दोघांनाही घरी पाठवलं.
डॉक्टर म्हणाले, पुढच्या गुरुवारी या. मोतीबिंदू फार पिकू दिला तर काम अवघड होईल.
माझं निदान: जेवणात मीठ जास्त होतंय.

८ फेब्रुवारी, रविवार
तीन दिवस अळणी जेवतोय. घरात तणाव आहे, तो त्यामुळेच.
अण्णांना वाचता येत नाही म्हणून सकाळी मीच पेपर वाचून दाखवला. अग्रलेख, बाजारभाव, मग खेळाचं पान. शेवटी एक वाक्य पदरचं घातलं: सर्व तज्ज्ञांच्या मते ब्रॅडमनच सर्वश्रेष्ठ. छापलं नव्हतं, पण छापायला हवं होतं.
अण्णांनी हात पुढे केला. पेपर डाव्या डोळ्याशी नेला, नाक कागदाला टेकेपर्यंत. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवला. मग घडी घालून मांडीवर ठेवला. म्हणाले, "असेल बुवा. तुम्ही वाचलंय ना."
जिंकलो. पण बायको दारात उभी होती. तिनं पाहिलं. त्यानंतर चहा आला नाही.

१० फेब्रुवारी
छापखान्यात एक किरकोळ भानगड. एका शाळेचा वार्षिक अहवाल माझ्या हाताखालून गेला. छापून आला तेव्हा त्यात विद्यार्थ्यांची सरासरी हजेरी ९९.९४. मालकांनी विचारलं, हा आकडा कुठून आला. कंपोझरकडे बोट दाखवलं. कंपोझरनं माझ्या अक्षरातली दुरुस्ती दाखवली. मालक म्हणाले, "घरी काही त्रास आहे का?" मी म्हणालो, सासरे आलेत. त्यांनी मान डोलावली. समजूतदार माणूस.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
वाईट दिवस.
रिक्षात ठरवून गप्प होतो. हॉस्पिटलच्या पायऱ्या चढताना अण्णाच म्हणाले, "पण शेवटच्या डावात तुमचा ब्रॅडमन शून्यावर गेला, ते नाही सांगितलंत." हे खरं आहे. म्हणूनच उत्तर देणं भाग होतं. मी त्यांचा हात धरला होता. तो सोडला, फक्त बोटांवर शतकं मोजण्यापुरता.
अण्णांची पायरी चुकली. गुडघ्यावर पडले. धोतराला रक्त लागलं. मी उचलायला वाकलो, तर हवेत चाचपडत म्हणाले, "तुमचा हात नव्हता होय? मला वाटलं, आहे."
प्रेशर अर्थातच वाढलेलं. पडल्यावर कोणाचंही वाढेल.
बायकोनं तिथूनच धाकट्या बहिणीला फोन केला. दुपारी तिचा नवरा, माझा साडू, गाडी घेऊन आला आणि अण्णांना घेऊन गेला. बायकोही गेली. जाताना म्हणाली, "त्यांचं काही बरंवाईट झालं, तर ब्रॅडमन येणार आहे का बघायला?" मुद्द्याला धरून नव्हतं, म्हणून उत्तर दिलं नाही.

१५ फेब्रुवारी
हवी होती ती शांतता मिळाली. दुपारी मॅच लावली. मोठ्यानं म्हणून पाहिलं, "ब्रॅडमनच." कोणी काही बोललं नाही. पुन्हा म्हणालो. टीव्ही बंद केला. पंखा घरघरत होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
संध्याकाळी मेहुणीचा फोन. सकाळीच ऑपरेशन झालं, उत्तम झालं. प्रेशर अगदी नॉर्मल होतं. मला आधी का कळवलं नाही, असं विचारलं. ती म्हणाली, "म्हणूनच नॉर्मल होतं."
मीठ कमी केल्याचा गुण उशिरा येतो, हे सिद्ध झालं.

२२ फेब्रुवारी, रविवार
मेहुणीकडे भेटायला गेलो. बायकोला दारातच शब्द दिला की तब्येतीपलीकडे काही बोलणार नाही.
अण्णांनी काळा चष्मा वर करून मला जवळ बसवलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "केस पांढरे झाले की हो तुमचे." मग साडूकडे वळले. साडूला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. तो सगळ्यालाच "बरोबर" म्हणतो. अण्णा त्याला सांगू लागले, "तर काय म्हणत होतो, ब्रॅडमन. सरासरी ९९.९४. आहे का कोणी आसपास? शेवटच्या शून्याचं काय एवढं? माणूस आहे." माझेच मुद्दे, माझ्याच क्रमानं, बोटांवर मोजून.
मला आनंद व्हायला हवा होता. बायको माझ्याकडे बघत होती. मी ओठ घट्ट मिटले. मग कानावर माझाच आवाज आला, "पण अण्णा, सोबर्ससारखी बोलिंग ब्रॅडमनला कुठे येत होती?"
बायकोनं दंडाला धरून मला बाहेर आणलं. हे जिन्यात बसून लिहितो आहे. दार लावलंय, तरी अण्णांचा खणखणीत आवाज इथवर येतोय. साडूला सांगताहेत, जावईबापू माणूस चांगला, पण त्यांना क्रिकेटमधलं फारसं कळत नाही.
साडू म्हणतोय, "बरोबर."