पोपटी जॅकेटचा दगा

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. उद्देश एकच, २४ तारखेच्या अमरावती ते अकोला सायकल राइडची तयारी लिहून ठेवणे.

राइड आमच्या क्लबची. क्लब दीक्षा मॅडम चालवतात. यादीत पहिलं नाव माझं. स्टाफरूममध्ये सांगून झालं. मुख्य म्हणजे अकोल्याला साळ्याला, नितेशला, मुद्दाम फोन करून सांगितलं. लग्न झाल्यापासून हा माणूस मला चिडवतो आहे. म्हणाला, जवाईबापू, तुमी सायकलीनं अकोल्याले आले तं मी बँड लावतो. लाव म्हटलं. सासूबाईंनी त्या दिवशी गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे करायचं कबूल केलं आहे.

आज पहिली सराव राइड होती. पाऊस लागला. तरी निघालो, कारण माझ्याकडे पोपटी जॅकेट आहे. एप्रिलमध्ये मागवलं. मुठीत मावतं. वॉटर रेझिस्टंट. आलं त्या दिवशी स्टाफरूममध्ये अंगात घालून वरून तांब्याभर पाणी ओतून घेतलं होतं. थेंब नुसते घरंगळले. प्राचार्यांनीही बोट लावून बघितलं.

आज पंचवटी चौक येईपर्यंत बनियन ओलं. कापड पाणी अडवत नव्हतं, पीत होतं. परत फिरलो. बायकोने, रागिणीने, भजी केली.

विश्वासघात हा शब्द मी जपून वापरतो. आज वापरतो.

४ ऑगस्ट

कंपनीला मेल. आजवर जॅकेट फक्त दोनदा घातलं, त्यातलं एकदा स्टाफरूममध्ये. तरी गुण गेला कसा?

त्यांनी फोटो मागवले. काढताना बघितलं तर पाठीवर कंबरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा, वाळलेला, थरावर थर. पंचवटीपर्यंत एवढा चिखल. महानगरपालिकेलाही एक मेल टाकावा लागेल. कॉलरला सनस्क्रीनचा वास. मी सनस्क्रीन लावत नाही. बहुतेक पॅकिंगचा.

रागिणीला दाखवलं. ती म्हणाली, रोज घातल्यावर मळणारच नं ते. मी म्हटलं, तेच तर, रोज घालायच्या वस्तूने असं करावं का? ती पुढे काहीतरी सांगत होती, पण मी मेल लिहीत होतो.

६ ऑगस्ट

कंपनीचं उत्तर. वापराने घाम आणि मळ बसला की वरचा लेप निपचित पडतो. स्वच्छ धुऊन थोडी ऊब दिली की पुन्हा काम करू लागतो. बाकी सूचना लेबलवर.

लेबल मी पहिल्याच दिवशी कापून टाकलं. मानेला टोचत होतं. शिवाय मी केमिस्ट्रीचा प्राध्यापक आहे. पाण्याचा पृष्ठताण दरवर्षी दोन तुकड्यांना शिकवतो. मी लेबल वाचायचं?

आणि म्हणे वापराने. मी वापरलंच नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

संकल्प: उद्या पाचला उठून छत्री तलावापर्यंत राइड. आल्यावर जॅकेट धुणे.

७ ऑगस्ट

राइड नाही. जॅकेटशिवाय या दिवसांत बाहेर पडणं बेजबाबदारपणाचं आहे, हे अंथरुणातच लक्षात आलं.

जॅकेट धुतलं. पावडर दुप्पट, वर कपडे मऊ करायचं सुगंधी लिक्विड. रागिणी म्हणाली, ते नका टाकू. टाकलं. वाळल्यावर तांब्या ओतला. पाणी आधीपेक्षा वेगाने आत गेलं. मात्र मोगऱ्याचा वास छान.

१० ऑगस्ट, रविवार

दुसरी सराव राइड. जॅकेटवर उपचार चालू असल्याने जाता आलं नाही. दहाला उठल्यावर ग्रुपवरचे फोटो बघितले. बडनेऱ्याला चहा पिताना सगळे. मागे कोणीतरी माझ्यासारखंच पोपटी जॅकेट घालून उभं. चेहरा दीक्षा मॅडमच्या हेल्मेटमागे लपलेला. मी काही घेतलं की लोकांना तेच पाहिजे असतं. खाली लिहिलं, क्वालिटी तपासून घ्या, मला या कंपनीने दगा दिला आहे. दीक्षा मॅडमनी हसण्याचा इमोजी टाकला. लोकांना दुसऱ्याच्या दुःखाचं काही नसतं.

दुपारी बघतो तर दोरीवरचं जॅकेट ओलं आणि पाठीवर पुन्हा चिखल. दोरी गेटजवळ आहे, रस्त्यावरून ऑटोवाले उडवतात. सायकलची सीटही पुन्हा खाली घसरलेली. क्लॅम्प ढिला आहे. वर केली. बसून बघितलं. उतरलो.

१३ ऑगस्ट

मार्ग सापडला. पूर्वी तंबूचं कापड आधी साबणाच्या आणि मग तुरटीच्या पाण्यात बुडवत. धाग्यावर असा साबण तयार होतो जो पाण्याला जवळ येऊ देत नाही. याला म्हणतात शास्त्र. किराणा दुकानातून तुरटी आणली, बादलीत विरघळवली.

रागिणीने विचारलं, ते सुती कापडासाठी असते नं, हे तं नायलॉन आहे. मी सांगितलं, कापसाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला कापडाबद्दल शिकवू नये. ती म्हणाली, मी पण इथलीच आहे. तो मुद्दा नव्हता.

१४ ऑगस्ट

जॅकेट पापडासारखं कडक झालं आहे. पांढरे पट्टे. हात हलवला की आवाज येतो. पाणी आत जातंच.

सकाळी रागिणी पंचायत समितीत ऑफिसला जाण्याआधी जॅकेट कुठे वाळत घातलं म्हणून शोधत होती. बघून तिचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांत माझ्या कामाची तिला इतकी काळजी वाटलेली मी प्रथमच पाहिली. बरं वाटलं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. जिलेबी.

नितेशचा फोन. तयारी कुठवर आली? जॅकेटवर काम चालू आहे म्हटलं. तो म्हणाला, जवाईबापू, सायकल जॅकेटानं चालते का पायानं? बँडवाल्याले सांगून ठेवलं आहे मी, तुमी मूर्तिजापूर गाठलं तरी वाजवाले लावतो. वर म्हणे, ताई मात्र जोरात तयारी करून राहिली. मी म्हटलं, हो, माझ्या तयारीत तिची फार मदत आहे. तिकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. लाइन खराब असावी.

पण चोवीसला मी त्याच्या दारात सायकलवरून उतरणार. हा माणूस आयुष्यात एकदा तरी माझ्यासमोर गप्प बसला पाहिजे. मला दुसरं काही नको.

१८ ऑगस्ट

जुन्या काळी कापडाला जवसाचं तेल लावून रेनकोट करत. डब्यात तेल होतंच. डाव्या बाहीच्या टोकाला लावून बघितलं. चिकट. वास अख्ख्या घरभर. पूर्ण जॅकेटला लावणार तेवढ्यात रागिणी ऑफिसातून आली आणि तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं. म्हणाली, आता याले हात नका लावू तुमी, मले लागते ते. घरातल्या वस्तूंवर बायकांचा जीव असतो. मी समजून घेतलं.

दीक्षा मॅडमचा फोन. सर, तुमचं नक्की आहे का? म्हटलं, जॅकेट झालं की शंभर टक्के, पण ते होईल असं दिसत नाही. त्या म्हणाल्या, बाकी लोक तं साधं प्लॅस्टिक घालून येऊन राहिले. मी हसलो. फोन ठेवल्यावर हसू थांबलं.

२२ ऑगस्ट, पोळा

पुरणपोळ्या. लांबच्या राइडआधी असंच खातात. परदेशातले सायकलपटू यासाठी भात खातात म्हणे. त्यांना पुरण मिळत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

वाईट बातमी.

रागिणीने जॅकेट दुरुस्त केलं. मी दुपारी झोपलो असताना. जरासा साधा लिक्विड सोप, मग साबणाचा अंशही राहू नये म्हणून पाणी बदलून बदलून खळबळलं. वाळल्यावर वर सुती ओढणी टाकून अगदी मंद इस्त्री फिरवली. मी कापलेलं लेबल तिने एप्रिलमध्येच कचऱ्यातून उचलून वाचलं होतं. त्यावर एवढंच लिहिलेलं.

मोरीत जॅकेट धरून तिने तांब्या ओतला. थेंब घरंगळले. सगळे. पट्टे गेलेले. तेलाच्या बाहीवर तेवढं थोडं पाणी थांबलं. मी पुन्हा ओतायला सांगितलं. पुन्हा घरंगळले. कुठेतरी शिवणीतून, चेनमधून शिरेल म्हणून आतून हात घालून बघितलं. कोरडं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. तीन आठवडे मी या जॅकेटसाठी झटलो, आणि त्याने नेमक्या आदल्या दिवशी चांगलं व्हावं? पावसात भिजवून ज्याने दगा दिला, त्याने कोरडं राहून त्याहून मोठा दिला.

रागिणीने विचारलं, मग, येता का उद्या? तुमी येत असान तं सायकल आणि जॅकेट तुमचं, मी दीक्षा मॅडमची दुसरी सायकल आणीन, प्लॅस्टिक घालीन. शेवटचं नीट ऐकू आलं नाही. म्हटलं, येतो म्हणजे काय, जातोच. अलार्म लावला. तिनेही लावला. मला निरोप द्यायला उठणार असेल.

अंदाज पावसाचा आहे. जॅकेट असल्यामुळे हरकत नाही. हे वाक्य आज पहिल्यांदा खरं आहे आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार, सकाळ

उठायला उशीर झाला. खुंटीवर जॅकेट नाही. पोर्चमध्ये सायकल नाही. चोरी. रागिणीला हाक मारली. रागिणीही नाही.

पोलिसांना फोन लावण्याआधी ग्रुप बघितला. मूर्तिजापूर, पाऊस, चहाची टपरी. मध्ये पोपटी जॅकेट, माझं, डाव्या बाहीवर डाग. आत रागिणी. हसते आहे. खाली सगळ्यांचे अंगठे. दीक्षा मॅडमनी लिहिलं होतं, आमची सगळ्यात रेग्युलर रायडर.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. क्लबला, नितेशला, सीटला. मी एकटा तुरटी विरघळवत बसलो. इतकं एकटं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

फोन केला. ती शांतपणे म्हणाली, मी मे महिन्यातच विचारलं होतं नं, सकाळी सायकल आणि जॅकेट घेऊन जाऊ का म्हणून. तुमी पेपर तपासून राहिले होते, हो हो म्हणाले. त्यानंतरही कितीकदा सांगितलं. आणि आज सकाळी हलवून हलवून उठवलं. तुमी डोळे न उघडता म्हणाले, जॅकेट अजून ओलं आहे.

मला आठवत नाही. मी झोपेत असणार.

दुपार, अकोला

एसटीने आलो.

रागिणी ओसरीत बसली होती, पायावर पाय टाकून, पोपटी जॅकेट अजून अंगात. ठणठणीत कोरडी. मी आत शिरलो तेव्हा ती सगळ्यांना सांगत होती, खरं तं तेच येणार होते, पण त्यांचं जॅकेट खराब झालं नं. माझ्याकडे बघून तिने पुढे सांगितलं, पावसानं घात केला, नाही तं केव्हाचे पोचले असते. सासरे महादेवराव जॅकेटकडे बघत म्हणाले, बरं केलं जवाईबापू, भिजणं वाईट असते. सासूबाई हो म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

मी नितेशची वाट बघत होतो. त्याच्यासाठी एसटीत उत्तरं तयार केली होती. चांगली होती. तो बँडबद्दल बोलेल, मग मी क्लॅम्पबद्दल बोलेन, मग तो पायांबद्दल बोलेल. तो काहीच बोलला नाही. मला पंख्याखाली बसवलं, पाणी आणून दिलं, माझ्या ताटात रोडगा कुस्करून वर तूप सोडलं आणि हळू आवाजात म्हणाला, खाऊन घ्या जवाईबापू, दमले असान.

एसटीत खिडकीजवळची सीट मिळाली होती मला. तरी मी दमलो आहे म्हटलं.