मधली डिरेक्टरी

९ जानेवारी २०२५, गुरुवार
सिम्युलेटर जवळजवळ झालाच. म्हणजे डोक्यात झाला. टाइप करायचा तेवढा बाकी आहे. चार कोअरचा, म्हणजे चार डोक्यांचा प्रोसेसर, सगळा सॉफ्टवेअरमध्ये. अख्ख्या अमरावतीत असं काम करणारा मी एकटाच असावा. तपासलेलं नाही. तपासून आनंद कशाला घालवायचा?

अडचण एवढीच, की प्रत्येक कोअर मेमरीतल्या आकड्याची एक कॉपी स्वतःजवळ ठेवतो. एकाने आकडा बदलला, तरी बाकीचे जुनाच धरून बसतात. माझा उपाय: मधे एक डिरेक्टरी. कोणाजवळ काय आहे ते तिला ठाऊक, बदल झाला की सगळ्यांना तीच कळवणार. प्रोजेक्टच्या गाईड सरांना डेमो २० तारखेला.

११ जानेवारी
लग्नाचं. देवश्री अकोल्याची, तिथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पहिल्याच भेटीत तिने माझ्या कोअरबद्दल तीन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं. मला ती फार आवडली आहे. तिचे वडील, वकील खुशालराव, अजून हो म्हणालेले नाहीत.

आई चांदूर रेल्वेला असते; तिचं म्हणणं, आधी तिथे आपल्या शेतात रोडगे करू. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे अन् वांग्याची भाजी एका पंगतीत खाल्ल्याशिवाय माणसं समजत नाहीत म्हणे. रविवार, १९ तारीख ठरली.

मी नियम घातला. आईने अन् खुशालरावांनी परस्पर फोनाफोनी करायची नाही, गोंधळ होतो, सगळं माझ्यामार्फत. आई म्हणाली, "काहून? मले बोलता येत नाही का?" तिला डिरेक्टरी समजावली. त्यावर ती म्हणाली, "तू त फोनच उचलत नाहीस." मुद्दा गैरलागू.

१५ जानेवारी
टेस्ट पास! एका कोअरवर. चारही लावले की तिसरा जुनाच आकडा वाचतो, म्हणून तूर्त एकच लावला आहे. बाकी तिघे विश्रांती घेत आहेत.

१७ जानेवारी, शुक्रवार
डेमोच्या आदल्या दिवशी रोडगे खाणं म्हणजे मूर्खपणा. दोन दिवस पेंग येते. रोडगे २६ ला ढकलले. कॅलेंडरमध्ये लगेच बदल केला, रंगसुद्धा बदलला. निर्णय घेतला की कसं हलकं वाटतं.

१९ जानेवारी, दुपारी
एकाग्रतेसाठी कालपासून फोन बंद. काय शांतता! तिसरा कोअर मात्र ऐकायला तयार नाही. डिरेक्टरीत नवा आकडा आहे, हा आपला जुनाच घेऊन बसलाय. अडाणी कोअर.

सायंकाळी
फोन सुरू केला. मिस्ड कॉलचा ढीग. आईला लावला. दोन्हीकडची मंडळी आजच शेतात हजर होती. रोडगे झाले, माझी वाट पाहिली, मग जेवली. खुशालरावांनी रोडग्यात तूप मुरवून मुरवून खाल्लं. निघताना म्हणाले म्हणे, "घर पसंत हाय, वावर पसंत हाय, पोराची माय पसंत हाय. आता पोरगं तेवढं दाखवा."

मी आईला सांगितलं, की तारीख मी शुक्रवारीच बदलली होती. तिने विचारलं, "कोणाले सांगतलं होतं?"

सांगायचं राहिलं होतं. पण तत्त्वतः तारीख बदललेलीच होती.

२० जानेवारी
डेमो. सरांनी चारही कोअर लावायला सांगितले. सरळसरळ अन्याय. तिसऱ्याने सर्वांसमोर जुना आकडा वाचला. आता पुन्हा डेमो फेब्रुवारीत.

देवश्रीला फोन करून माफी मागितली. तिने आधी प्रोग्राम पाठवायला सांगितला. तासाभरात तिचा फोन. डिरेक्टरी स्वतःची नोंद बदलते अन् कळवत कोणालाच नाही; कळवायची ओळच मी लिहिलेली नाही. मग तिने विचारलं, ही कोणावर गेली रे? मी म्हटलं, दोन्ही विषय वेगळे आहेत. ती हसली. हसली म्हणजे आशा आहे.

तिच्या बाबांना ती समजावणार आहे. अट एकच: यापुढे काही ठरवलं, तर आधी सांगायचं. वचन दिलं, अगदी मनापासून. ही मुलगी मला गमावायची नाही.

२४ जानेवारी
ठरलं. रविवारी स्वतः अकोल्याला जाऊन खुशालरावांची माफी मागायची. संत्रा बर्फी न्यायची. आधी कळवून गेलं तर त्यात मजा नाही, अचानक गेलं की वजन पडतं. तोवर एकाग्रता. फोन बंद.

२६ जानेवारी, दुपारी, अकोला, जुने शहर
खुशालरावांच्या दाराला कुलूप. शेजारच्या मैनाबाई म्हणाल्या, "ते त सकाळीच अमरावतीले गेले ना, पोराची खोली पाहाले. त्याची मायबी चांदूरवरून येऊन राहिली म्हने. तुमी कोन?"

मी बर्फीचा डबा पाठीमागे लपवला.

फोन सुरू केला. आईला लावला. ती अन् खुशालराव आता परस्पर बोलतात. एका फोनमध्ये सगळं ठरलं म्हणे, गोंधळ नाही. मला कळवायला दोघांनीही दोन दिवस फोन लावले होते. या क्षणी ते अमरावतीत माझ्या खोलीच्या कुलपासमोर उभे आहेत अन् मी त्यांच्या.

देवश्रीचा मेसेज आलाय. ती राहिलेली ओळ तिने घालून दिली, प्रोग्राम मेल केला आहे. चारही कोअर आता बरोबर वाचतात. पुढे लिहिलंय, की लग्नाला बाबा नाही म्हणाले, अन् या वेळी तिलाही तसंच वाटतं.

सायंकाळी, एसटी स्टँड
सिम्युलेटर झाला. जवळजवळ झालाच, असं मी ९ तारखेलाच लिहिलं होतं.

बर्फीचा डबा उघडला. एक तुकडा तोंडात टाकला, गोडच लागत नाही. दुकानदाराने शिळी दिली असावी.