कूलंटचा रोज एक डोस

शुक्रवार, दुपारी दोन
(दवाखाना चारला उघडेपर्यंत)

तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार.

तुमचा रक्तदाब आणि वहिनींचा गुडघा दोन्ही ताब्यात असतील असे धरून चालतो. तुमचे आबा धरून इकडे सगळे बरे आहेत. तुमची बहीण सोमवारपासून माझ्याशी मोजकेच बोलते; कारण पुढे येईल.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी साडेसहाला मी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त टंकलेखकांच्या गाडीखाली डोके घालून वास घेत होतो. हे तुमच्या कानावर कोणीतरी घालणारच, म्हणून आधी मीच सांगतो. इंजिन तापू नये म्हणून गाडीत जे हिरवे कूलंट घालतात, त्याला गोडसर वास असतो. माझ्या गाडीतले ते रोज कमी होत होते आणि जमिनीवर थेंबही दिसत नव्हता. गळत नाही आणि तरी कमी होते, म्हणजे कोणीतरी काढते, असे सरळ गणित मी मांडले. टंकलेखकांची गाडी आमच्या गाडीची जुळी बहीण शोभेल अशी, आणि तिची टाकी मात्र सदा भरलेली. तेवढ्यात ते स्वतःच दारात आले. "काही हरवलंय का?" मी म्हणालो, "नाही, जरा वास बघत होतो." (खोटे बोलायचे नाही हा माझा नेम, त्यामुळे असे प्रसंग ओढवतात.) तेव्हापासून ते गाडी स्वतःच्या खिडकीखाली लावतात आणि खिडकी उघडी ठेवतात. कर नाही त्याला डर कशाला, असे मला वाटून गेले.

वासावरून काही सिद्ध होईना, तेव्हा मी धंद्यातली युक्ती वापरली. सत्तावीस वर्षे मी दवाखान्यात औषधे देतो. आमचे जुने डॉक्टर पातळ औषधाच्या बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवायला लावत. एक खाच म्हणजे एक डोस. तशीच पट्टी कापून मी कूलंटच्या टाकीवर चिकटवली आणि रोज साडेसातला बॉनेट उघडून पाहू लागलो. रोज बरोबर एक खाच कमी. चोर कोणीही असो, घेत होता अगदी पथ्याने.

शेवटी गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी सुरू केली, मागे जाऊन सायलेन्सरमधून येणारा पांढरा धूर पाहिला आणि मिनिटभरात सांगून मोकळे झाले, "गॅस्केट गेलंय, काका. कूलंट इंजिनात शिरून जळतंय. इंजिन उघडावं लागेल." (त्यांनी सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही; तुमच्या रक्तदाबाचा विचार करतो.) आता, गावच्या शाळेत आमच्या गुरुजींनी एक गोष्ट नीट शिकवली होती. पोराने रीत न मांडता उत्तर लिहिले, तर ते शेजारच्या पाटीवरून घेतलेले असते. मिस्त्रींनी तर पाटीसुद्धा हातात धरली नव्हती. मी म्हटले, विचार करतो. त्यांनी टाकी भरून दिली.

त्या गुरुवारी मी देवापुढे नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ बसलो. मागितले काहीच नाही, फक्त परिस्थिती कानावर घातली. आणि दादा, दुसऱ्या दिवसापासून खाच हलेना! चार दिवसांनी तर पातळी अर्धी खाच वर आली. हे देवाने जरा जास्तच केले असे वाटले, पण आपण कोण बोलणार. रंग मात्र दिवसेंदिवस फिका पडत चालला होता, तेव्हा मिस्त्रींनी हलका माल भरला असणार, हा संशयही मी मनात टिपून ठेवला. पंधरा दिवस झाल्यावर राहवेना. गॅरेजात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही सांगितलेला आजार औषधावाचून बरा झाला. लोकांना घाबरवून पोट भरू नका."

त्यांनी पाना खाली ठेवला. "इंजिनाला काय पडसं झालंय, आपोआप बरं व्हायला? घरात कोणी पाणी घालतंय का, ते बघा आधी."

"आता माझ्या घरच्यांवर घसरलात?"

"बरं, जा. पण वाफ आली की गाडी थांबवा, आणि झाकणाला हात लावू नका. भाजाल."

शेवटच्या वाक्यात काय डाव असेल याचा विचार करतच मी घरी आलो.

या सोमवारी आबांना डोळे दाखवून परत येत होतो. (मोतीबिंदू छान निघाला आहे, काळजी नसावी.) पुलाच्या चढावर काटा लाल रेघेपलीकडे गेला आणि बॉनेटमधून वाफेचे लोट आले. गाडी बाजूला घेतली. मागच्या सीटवर आबा पुटपुटले, "सकाळी तर काठोकाठ भरलं होतं की."

तुमची बहीण वळली. "काय भरलं होतं, आबा?"

"पाणी. जावईबापू रोज त्या डबड्यापुढे तोंड पाडून उभे राहायचे. बघवेना. ट्रकला तीस वर्षं मीच घालत आलोय, मला काय नवीन आहे?"

म्हणजे मी साडेसातला पट्टी वाचायचो, आणि माझ्या आधी, सहाला, आबा खिळ्यावरची किल्ली घेऊन, तांब्या भरून, माझ्या खाचेपर्यंत माझे समाधान ओतून जायचे.

मी काहीच बोललो नाही. चूक झाली ती इथे. मला फक्त सुचत नव्हते, पण आबांनी त्याचा अर्थ राग असा घेतला आणि तुमच्या बहिणीनेही तोच घेतला. घरी येताच आबांनी पलंगाखालून पिशवी ओढून कपडे भरायला घेतले. "दादाकडे जातो. थोरला मुलगा असताना जावयाच्या गाड्या किती मोडायच्या?"

मंगळवारी गाडी ओढून गॅरेजात नेली. आबा हट्टाने बरोबर आले. ऑइल पाहावे तर पाणी मिसळून दुधाच्या चहासारखे झालेले. आबांनी दारातूनच विचारले, "खरं सांगा मिस्त्री, माझ्या पाण्यानं गेलं का इंजिन?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, टाकीवरच्या पट्टीकडे पाहिले, हात पुसले. "आबा, ते आधीच गेलेलं होतं. तुम्ही होतात म्हणून एवढे दिवस चाललं."

चार लोकांत मी ज्याची अब्रू काढली, त्या माणसाने हे म्हणावे! यात त्यांचा काय फायदा, हे मी दीड दिवस शोधले. सापडला नाही. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला माझाच संशय आला.

काल गॅरेजात जाऊन सर्वांसमोर माफी मागितली. त्या दिवशीचे गिऱ्हाईक एकच होते, तिघे नवे. नव्यांना मूळचा अपमान ठाऊक नसल्याने तो आधी पुन्हा सांगावा लागला. मिस्त्री म्हणाले, "बरं बरं, काका, जरा सरका, उजेड अडतोय." इंजिन उघडायला सांगून आलो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, कमी होत असल्यास कळवावे.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. : पत्राचे खरे कारण राहिलेच. मिस्त्रींचे बोलणे आबांना पटलेले नाही. जावयाने पढवले म्हणतात. ते तुम्हाला न्यायला बोलावतील. येऊ नका. गाडी बंद पडली आहे असे सांगा. मी खोटे बोलत नाही, म्हणून हे काम तुमच्यावर सोपवतो. सकाळी सहाला उठून कोणाच्या तरी काळजीपोटी तांब्या भरणारा माणूस मला घरातून जायला नको आहे.

ता. क. २ : तुम्हालाही खोटे बोलण्याचे पाप फार लागणार नाही. गेल्या रविवारी तुम्ही आला होतात, तेव्हा मी सवयीने तुमच्याही गाडीचे बॉनेट उघडून पाहिले. कूलंटचा रंग तिथेही अगदी फिका आहे. इकडे येण्याआधी आबा तुमच्याकडेच होते ना?

ता. क. ३ : आज आबा फिरायला गेले असताना मी पिशवीतले सगळे कपडे काढून, घड्या घालून त्यांच्या कपाटात लावले. पिशवी लपवली आहे. कुठे, ते तुम्हालाही सांगत नाही. तुम्ही फोनवर बोलून जाल.