शुक्रवारचं काउंटर

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

एकसष्ट! आमचा शेअर आज एकसष्टवर बंद झाला. बाजारात आला त्या दिवशी तीनशेच्या वर होता आणि आम्ही सातिवलीच्या जुन्या गाळ्यात ढोलवाले बोलावून नाचलो होतो. आज या काचेच्या ऑफिसात कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

नवा सीईओ मुंबईहून स्क्रीनवर आला. हातात ती भली मोठी पाण्याची बाटली — आम्ही त्याला बाटलीसाहेबच म्हणतो. "शेअरकडे बघू नका, भविष्याकडे बघा." अरे, पगारवाढीऐवजी शेअर घ्या असं तूच म्हणाला होतास ना! मी हात वर केला. विचारलं, दुकानदार आपल्याला सोडून का चाललेत ते कोणी जाऊन विचारलं का? तर म्हणे, "ग्रेट क्वेश्चन, अश्लेषा." आणि पुढची स्लाइड.

डोकं फिरलं नुसतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी दुपारी ऑफिसात बसायची सवय अजून होत नाही.

काउंटरमित्रमध्ये शुक्रवारी दुपारी ऑफिसात कोणी थांबायचंच नाही, हा रॉबर्ट सरांचा नियम. कंपनी त्यांनीच काढलेली. आपण दुकानदारांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनवतो, तर दुकानात जाऊन काउंटरवर बसा, स्वतः बिलं करा! सरांसकट सगळे जायचो. सर हार्डवेअरच्या दुकानात, मी शेजारी मार्सेलकाकांच्या बेकरीत. एका नाताळच्या गर्दीत मी चाळीस पावांऐवजी चारशे पावांचं बिल केलं. गिऱ्हाईक खवळलं, काका हसून हसून खोकायला लागले. सोमवारी आम्ही स्क्रीनवर प्रश्न टाकला — "एवढे? नक्की?" आजही तो येतो. लोकांना वाटतं कोणा हुशार माणसाची कल्पना!

किती मजा होती. घामाघूम व्हायचो, शिव्या खायचो, आणि संध्याकाळी सगळे गाळ्यात जमून गरम पाव खात एकमेकांच्या चुका सांगायचो. सर सगळ्यात जास्त हसायचे.

दोन वर्षांपूर्वी सर बाजूला झाले, बाटलीसाहेब आला आणि महिन्याभरात शुक्रवार बंद. दुकानदाराने फोन केला तर आता मशीन बोलतं. संध्याकाळी पाव आणायला गेले तर मार्सेलकाका म्हणाले, "बाय, तुमचा मशीन लय गोड बोलतो. पन मानूस हाय का कोन तिकडं?"

काय सांगणार, कपाळ!

१० नोव्हेंबर, सोमवार

कल्पेशला पुण्याची नोकरी आलीय. प्रिंटरमागे बोलावून हळूच सांगितलं. आमच्यातला सगळ्यात चांगला प्रोग्रामर, जाणारच. पण तोंड एवढंसं झालेलं. वडील गेल्यापासून आई एकटीच खाडीकाठची शेती सांभाळते. "तिला सोडून जायचं जिवावर येतं, ताई. पण इथे राहून तरी काय करू? पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय."

मग स्वतःच म्हणाला, "रॉबर्ट सर परत आले ना, तर मी हलत नाही."

जेवताना हे सगळ्यांच्या कानावर गेलं. एकदम उत्साह! सरांकडे अजून केवढे तरी शेअर आहेत, त्यांनी मनात आणलं तर काय होणार नाही? कोण जाणार बोलायला? सगळ्यांची बोटं माझ्याकडे. मी त्यांची पहिली टेस्टर, माझं ऐकतील म्हणे. ऐकतीलच! रविवारी सांडोरला सरांच्या घरी जाते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अठ्ठावन्न. घरी नवऱ्याला सांगितलं. सुमेध म्हणाला, "विकून टाक गं आता, किती दिवस कवटाळून बसणार?" म्हटलं, थांब, सर येतायत. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कपाट आवरायला घेतलं आणि कळंबच्या पिकनिकचे फोटो काढून बसले. सर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्रात, कल्पेश नवा नवा, काडीसारखा. मी किती बारीक होते!

उद्या काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. नवरा हसतोय. हसू दे.

१६ नोव्हेंबर, रविवार

सर केळीच्या बागेत होते, बनियनवर. दहा वर्षांनी तरुण दिसत होते. मी सगळं बोलले — शेअर, मशीन, कल्पेश, बंद झालेले शुक्रवार. परत या म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "शुक्रवार त्याने नाही बंद केला. मी सांगितलं त्याला, आल्या आल्या पहिलं ते बंद कर."

मला वाटलं थट्टा करतायत.

"गुरुवारी रात्रभर जागा असायचो गं. दुकानदार तोंडावर बोलायचे, मी हसत बसायचो. नियम माझाच, तोडू कसा? त्या माणसालाही मीच निवडलं. मला सुटायचं होतं."

"पण सर, तुम्ही तर सगळ्यात जास्त हसायचात!"

"हो ना, संध्याकाळी. शुक्रवार संपला म्हणून."

सरांच्या मिसेस ब्रेंडाताई चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "आता कुठे रात्रीची झोप लागते त्याला. नको नेऊस, अश्लेषा."

मी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी केळ्यांची फणी बांधून दिली, फाटकापर्यंत आले, सगळ्यांची नावं घेऊन चौकशी केली. रिक्षात बसल्यावर रडू फुटलं. राग आला, फसवल्यासारखं वाटलं. आणि वाईटही वाटलं. मी शेजारच्याच दुकानात बसायचे की! इतकी वर्षं. एकदाही लक्षात आलं नाही माझ्या.

सुमेधला काही सांगितलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लिफ्टचं दार उघडलं तर कल्पेश समोरच, मागे बाकीचे. "ताई, काय म्हणाले सर?" खरं सांगायचं ठरवून निघाले होते. त्यांचे चेहरे बघितले आणि — "येतो म्हणाले."

टाळ्याच वाजवल्या सगळ्यांनी.

दुपारी डबा उघडता उघडता कल्पेश म्हणाला, "पुण्याला नाही म्हणून कळवलं सकाळीच. आई रडली, ताई, इतकी खूश झाली."